दोन वर्षांत येतोच!

'दोन वर्षं राहतो, जरा पैसे साठवतो आणि येतोच!' पुण्यातल्या आयटी कंपन्यांत सेंड-ऑफच्या केकसोबत हे वाक्य फ्री मिळतं. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधले चौघं असंच म्हणून अमेरिकेला गेले. अजून एकही परतलेला नाही.

मग आपण लगेच निकाल देऊन मोकळे: डॉलरची चटक लागली! पण बॉस, मामला एवढा सोपा नाहीये.

जाताना पगार असतो, मोठं काम असतं. राहण्याचा फंडा मात्र वेगळाच. एच-वन-बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, मग आणखी तीन. ग्रीन कार्डची प्रोसेस पुढे सरकलेली असेल, तर त्यानंतरही मुदत वाढते. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण सात टक्केच. भारत असो की आइसलँड, नियम तोच! त्यामुळे आपल्या बहुतेक इंजिनिअर्सची रांग दहा वर्षांच्याही पुढे गेलीय. आता सांगा, लालबागच्या राजासमोर आठ तास उभा राहिलेला माणूस रांग सोडतो का?

चौघांतल्या एकाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलात मी बसले होते. तो व्हिडिओ कॉलवर. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटली होती. इथे आला असता, तर नवा शिक्का मिळेपर्यंत अडकला असता. काकू म्हणाल्या, ''नको येऊस रे, उगाच नोकरी जायची.'' ह्यात चटक कुठे आली?

आणि परत येणारे? जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, तिथे नाव कमावलं आणि १९७२ मध्ये परतले. मातीची ओढ असेलच. पण मुंबईत टीआयएफआरसारखी संस्थाही होती, जिथे त्यांना आपलं संशोधन चालू ठेवता आलं. पुढे १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात 'आयुका' उभी केली. म्हणजे आणखी कित्येकांसाठी इथेच काम करायची जागा झाली.

तेव्हा पुढच्या सेंड-ऑफला 'परत कधी येणार?' हे विचारूच नका. 'इथे काय असलं तर येशील?' असं विचारा. आणि उत्तर मिळालं, तर केक खाणाऱ्या बॉसलाही जरा ऐकवा!