वेळ नाही, पण सोहळ्याला हजर

‘डोक्यात खूप आहे हो, पण लिहायला वेळच मिळत नाही.’ हे वाक्य मला लोकलमध्ये ऐकू येत नाही, कचेरीत येत नाही. ते हमखास ऐकू येतं पुस्तक प्रकाशनाच्या सभागृहाबाहेर, रात्री साडेआठला. बोलणाऱ्याच्या एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात वेफर्सची बशी. कार्यक्रम सहाचा, गृहस्थ साडेपाचपासून हजर. हे तीन तास कुठून काढलेत, असं विचारलं की दुखावतात. ‘अहो, हे साहित्यासाठी!’

साहित्यासाठी तीन तास कसे जातात ते मी बघत आलोय. आधी पंखे बंद, कारण समई पेटवायची असते. व्यासपीठावर सहा मान्यवर, मेणबत्ती एक. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक, त्यात संस्थेचा स्थापनेपासूनचा इतिहास. मग शाल, श्रीफळ आणि ‘बुके नको, बुक द्या’ असं म्हणत हातात ठेवलेलं पुस्तक, जे बहुतेक वेळा कुणा पदाधिकाऱ्याच्या न खपलेल्या कवितासंग्रहाच्या गठ्ठ्यातलं असतं. सूत्रसंचालकाला प्रत्येक नावाआधी चारोळी सुचते. नव्या पुस्तकाला चकचकीत कागद आणि लाल फीत. पाहुण्यांना गाठ सुटत नाही, कात्री कुणी आणलेली नसते, शेवटी कागद टराटरा फाडला जातो आणि फोटोग्राफर ओरडतो, ‘साहेब, पुस्तक जरा खाली, चेहरा झाकतोय!’

प्रमुख पाहुणे उठतात आणि सांगतात की पुस्तक कालच हाती आलं, येताना गाडीत चाळलं. चाळलेल्या पुस्तकावर चाळीस मिनिटं बोलतात, त्यातली तीस स्वतःच्या बालपणावर. लेखकाच्या मनोगताची पाळी येते तेव्हा ‘दोन मिनिटं’ अशी चिठ्ठी पुढे सरकते. हॉलचं भाडं, शाली, पेढे, पाहुण्यांची गाडी हा सगळा खर्च पुष्कळदा त्याच लेखकाच्या खिशातला. पुस्तक छापायलाही त्यानंच पैसे मोजलेले. आणि ज्याच्यासाठी एवढी माणसं जमली, त्या पुस्तकातलं एक पानसुद्धा कुणी मोठ्यानं वाचलेलं नसतं.

पुस्तकांच्या मेळ्यांचा मला राग नाही. मला ते आवडतात, म्हणून तर चिडतो. साहित्य संमेलनात मी मुख्य मंडपात कमी आणि ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांत जास्त सापडेन. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्या पडवीत दुपारभर वाचत बसावं, स्ट्रॉबेरी खावी, आभारप्रदर्शन नसतं. तालुक्याच्या वाचनालयांतही अजून अशा संध्याकाळी होतात. सतरंजीवर वीसेक माणसं, कथा वाचणारी बाई चष्मा सावरत वाचते आहे, आणि मागून एक आजोबा म्हणतात, ‘ताई, ते सासूचं परत वाचा.’ ती परत वाचते. लोक हसतात, एकजण हुज्जत घालतो की अशी सासू नसतेच. तिथून घरी जाताना स्वतः काहीतरी लिहावंसं वाटतं. कार्यक्रमाची माझ्या लेखी एवढीच कसोटी आहे.

सोहळ्याहून परतणाऱ्याला मात्र आपण लिहूनच आलो असं वाटतं. लेखकाशी हस्तांदोलन झालं, पुस्तक हातात धरून फोटो झाला, स्टेटसवर ‘साहित्यिक संध्याकाळ’ म्हणून चढला, पन्नास अंगठे आले. आता वही उघडायची गरजच काय? भूक मेली. सोहळेबाजीवर माझा खरा आक्षेप हाच आहे. फुकट गेलेल्या तीन तासांचं एक वेळ सोडून देऊ.

मराठी ग्रंथकारांना एकत्र जमवण्याची खटपट जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली. 1885 च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनाही गेलं आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. त्यांची कारणं माझ्या या किरकोळ तक्रारीपेक्षा फार मोठी होती: शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत बसायचं कशाला, हा तो सवाल होता. पण पुढचं बघा. 1888 मध्ये पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. ते छापून आलं 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मांडव नाही, शाल नाही, लेखकही हयात नाही.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. किराणा दुकान सांभाळायचं, घर सांभाळायचं, पोरंबाळं सांभाळायची, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद दडवून ठेवायचे. असं वर्षानुवर्षं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं ते 1986 मध्ये. मीठ-मिरचीच्या गिऱ्हाइकांमधून त्यांना जो वेळ सापडला, तो निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्या साहित्यप्रेमी मंडळींना सापडत नाही. यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. असेल. मग तुमच्याकडे नाही, असं सरळ म्हणा. बिचाऱ्या वेळेला कशाला बदनाम करता?

कार्यक्रमांना जा, माझी ना नाही. निवडून जा. पुस्तक वाचून दाखवणार असतील तर पहिल्या रांगेत बसा, प्रश्न विचारा, पुस्तक विकत घ्या. व्यासपीठावरच्या खुर्च्या पाचापेक्षा जास्त दिसल्या तर दारातूनच परत फिरा. कुणी रागावत नाही. तुम्ही आला होतात हेच मुळी कुणाच्या लक्षात नसतं. वाचलेले तीन तास टेबलाशी काढा. वाईट लिहिलं जाईल, पहिल्यांदा जातंच. ते कुणाला फॉरवर्ड करू नका, म्हणजे झालं.

आयोजकांना एक विनंती. पुढच्या निमंत्रणपत्रिकेतून पाहुण्यांची दोन नावं गाळा आणि त्या जागी छापा: ‘लेखक वीस मिनिटं वाचतील.’ ऐकलेलं पान आवडलं की लोक दारातल्या टेबलापाशी थांबतात, पुस्तक उलटसुलट करून बघतात आणि खिशातून पैसे काढतात. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर असं घडलेलं माझ्या पाहण्यात नाही.