भोंगा आणि बातमी

१७ मार्च २०२५ रोजी नागपुरात जी दंगल झाली तिच्या ज्वाळा विझल्या, संचारबंदी उठली, बाजार पुन्हा सुरू झाले. एवढ्यावर समाधान मानून तो दिवस विसरून जाणे मात्र या शहराला परवडणारे नाही. खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी त्या दिवशी महाल भागात विश्व हिंदू परिषद व बजरंग दल यांनी निदर्शने केली आणि प्रतीकात्मक कबर जाळली. जाळलेल्या कापडावर धर्मवचने होती अशी वार्ता त्यानंतर काही तासांतच मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरली. ती अफवा होती, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगितले. परंतु दुसऱ्या दिवशी सांगितलेले सत्य आदल्या रात्रीच्या उपयोगी पडले नाही. सायंकाळी चिटणीस पार्क परिसरात आणि रात्री हंसापुरीत दगडफेक व जाळपोळ होऊन गेली होती. तेहतीस पोलीस जखमी झाले, त्यांत तीन उपायुक्त दर्जाचे अधिकारी होते. एका जखमी माणसाने पुढे रुग्णालयात प्राण सोडला. संचारबंदी संपूर्ण शहरातून उठण्यास २३ मार्च उजाडला.

तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाच्या कबरीवरून जिवंत माणसांची मने आधीचे कित्येक दिवस कोणी तापविली, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे उत्तर राज्यकर्त्यांनाही द्यावे लागेल. सरपण आधीच रचलेले नसते तर एका अफवेच्या ठिणगीने एवढा वणवा पेटला नसता. आज आम्ही विचार करीत आहोत तो त्या दुपार आणि रात्र यांमधल्या तासांचा. त्या तासांत नागपूरकराला खरे काय ते कोणी सांगायचे होते? पोलिसांनी, वृत्तपत्रांनी, की वृत्तवाहिन्यांनी? ज्याच्या शब्दावर दोन्ही वस्त्यांतील माणसांनी सारखाच विश्वास ठेवला असता, असा एकही आवाज त्या वेळी अफवेला मागे सारू शकला नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रेरणेने ज्या शहरात १९११ साली ‘हितवाद’ निघाला, त्या शहराला ही गोष्ट सलली पाहिजे.

दंगलीनंतर सायबर पोलिसांनी समाजमाध्यमांवरील चिथावणीखोर मजकुराबद्दल गुन्हे नोंदविले. माणसांना माणसांवर धाडणाऱ्या मजकुरावर कारवाई झालीच पाहिजे. पण गुन्हा नोंदविला जातो तो आग लागून गेल्यावर. आग लागण्याआधी अफवेवर चालणारे औषध एकच आहे, आणि ते म्हणजे वेळेवर मिळालेली खरी बातमी. संकटाच्या वेळी राज्यकर्ते बातमीकडे धोका म्हणून पाहतात आणि वृत्तवाहिन्यांचे मालक विक्रीचा माल म्हणून. या दोन दृष्टींच्या मध्ये सामान्य माणूस अंधारात राहतो. आणि अंधारात अफवेला डोळे फुटतात.

वृत्तमाध्यमे या बाबतीत निर्दोष आहेत असे आम्ही म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखविल्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून हॉटेलांत दबा धरून बसलेल्या आपल्या माणसांना सूचना देत राहिले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. अशा वर्तनाचे समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ते आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. ओलिसांचे आणि जवानांचे प्राण ज्याने धोक्यात येतात ते चित्र दाखविण्याचा हक्क कोणालाही नाही.

केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत पुढे असा निर्बंध आला की, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट चित्रण दाखवू नये आणि ती संपेपर्यंत नियुक्त अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढ्यावरच वार्तांकन मर्यादित ठेवावे. या नियमाचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक आहे, उत्तरार्धाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वार्ताहराने कॅमेरा खाली ठेवायचा असेल तर अधिकाऱ्याने तोंड उघडले पाहिजे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. संयमाचे बंधन वृत्तमाध्यमांवर घालताना सरकारने स्वतःवर माहिती देण्याचे बंधन घालून घेतले आहे. पहिल्या बंधनाच्या भंगाला शिक्षा आहे. अधिकाऱ्याने तोंड उघडलेच नाही, किंवा उघडून खोटे सांगितले, तर काय? याविषयी तो नियम काहीच बोलत नाही. नियमाची खरी उणीव ही आहे.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात ही उणीव साऱ्या देशाला दिसली. कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद पडले, अशा खोट्या बातम्या कित्येक वाहिन्यांनी रात्रभर गर्जना करीत दिल्या. पूंछमध्ये तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या एका निरपराध शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरविले. त्याबद्दल गुन्हा नोंदविण्याचा आदेश पुढे तेथील न्यायालयाला द्यावा लागला. बातम्यांना रंगत यावी म्हणून वाहिन्या हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे कार्यक्रमांतून वाजवीत होत्या. तसे करू नये, कारण लोक त्या आवाजाला सरावतील आणि खऱ्या संकटाच्या वेळी त्याकडे दुर्लक्ष करतील, असे नागरी संरक्षण खात्याला त्यांना कळवावे लागले.

या सूचनेचा अर्थ नागपूरकरांना अधिक कळायला हवा, कारण १९५७ साली सुरू झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय याच शहरातले. संकटात लोकांना सावध कसे करावे याचे शिक्षण घ्यायला देशभरातून माणसे येथे येतात. लोकांचा विश्वास नसेल तर इशाऱ्याची सारी यंत्रणा निरुपयोगी ठरते. भोंगा एकदा खोटा वाजला की पुढच्या वेळी माणूस घरातच बसून राहतो. बातमीचेही असेच आहे. रोज रात्री खोटी गर्जना ऐकणारा माणूस खऱ्या संकटाच्या दिवशी वाहिनीवर विश्वास ठेवीत नाही. मग तो शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर आलेल्या निनावी संदेशावर विश्वास ठेवतो.

त्याच मे महिन्यात नागपूर पोलिसांनी केरळमधील एका तरुण पत्रकाराला अटक केली. लष्करी कारवाईला विरोध करणारा मजकूर त्याने समाजमाध्यमावर लिहिला, हे त्या अटकेमागील प्रमुख कारण होते. पुढे त्याच्यावर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याची कलमेही लावण्यात आली. त्याच्यावरील आरोपांचा निर्णय न्यायालयाने द्यायचा आहे आणि त्याची मते सर्वांना पटावीत असेही नाही. तरीही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. युद्धाची खोटी बातमी कोट्यवधी घरांत पोचविणाऱ्यांना सरकारकडून सल्ल्याचे पत्र मिळते आणि युद्धाविषयी वेगळे मत मांडणाऱ्याला कोठडी मिळते. राष्ट्राची सुरक्षितता खोट्याने अधिक धोक्यात येते की मतभेदाने? राज्यकर्त्यांच्या तराजूत खोटे हलके आणि मतभेद जड ठरत असेल, तर तो तराजू सुरक्षेचा नव्हे, सत्तेच्या सोयीचा आहे.

असा तराजू या देशाने पूर्वीही पाहिला आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि सुरक्षिततेच्याच नावाने वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या वतीने त्याविरुद्ध दाद मागितली तेव्हा, फेब्रुवारी १९७६ मध्ये, न्या. मदन व न्या. कनिया यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, हे त्या निर्णयाचे सार होते. भल्याभल्यांचे कणे वाकले होते त्या दिवसांत हे सांगितले गेले. त्या सेन्सॉरने देश सुरक्षित झाला नाही. सक्तीच्या नसबंदीची आणि तुर्कमान गेटची बातमी दडपली गेली, सत्ताधाऱ्यांपर्यंत लोकांचा संताप पोचलाच नाही आणि १९७७ च्या निवडणुकीने त्यांना तो एका दिवसात कळविला. बातमी दडपणारे सरकार अखेर स्वतःलाच आंधळे करून घेते.

म्हणूनच महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकासंबंधी पत्रकार संघटनांनी व्यक्त केलेली भीती अनाठायी म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि बारा हजारांहून अधिक सूचना येऊन काही बदलांनंतर जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे असे सरकार सांगते. परंतु ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दाची व्याख्या जितकी सैल, तितका त्याचा अर्थ सत्तेवर असणाराच्या मर्जीवर. आणि सत्तेवर उद्या कोण असेल हे आजच्या सत्ताधाऱ्यांनाही ठाऊक नाही.

जनसुरक्षेचा आणखी एक अर्थ नागपूरच्या आसपासच्या कामगारांना ठाऊक आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत आठ जण मेले. फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या आप्तांना आत किती माणसे होती हे कळण्याचा हक्क आहे. सुरक्षेचे नियम पाळले गेले होते की नाही, चौकशीचा अहवाल कोठे आहे, हे प्रश्न बातमीदाराने विचारलेच पाहिजेत. शस्त्राची रचना हे संरक्षणाचे गुपित असेल, कामगाराच्या मृत्यूचे कारण हे गुपित असू शकत नाही.

तेव्हा आमची अपेक्षा साधी आहे. शहरात तणाव निर्माण होताच अधिकृत प्रवक्त्याने तासातासाला, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, कळलेले आणि न कळलेले दोन्ही सांगावे, आणि चूक झाल्यास ती तितक्याच ठळकपणे दुरुस्त करावी. खोटी बातमी आणि वेगळे मत यांतील फरक सरकारने ओळखावा. संपादकांनी पहिले येण्यापेक्षा खरे येण्याचा मान मोठा मानावा, आणि पोलिसांनी दिलेले पत्रक हेही पडताळून पाहण्याचीच गोष्ट आहे हे विसरू नये. जबाबदारी म्हणजे आज्ञाधारकपणा असा अर्थ कोणी लावील तर तो नाकारावा. आणि वाचकांनी, हातात आलेला संदेश पुढे पाठविण्याआधी, तो कोणी लिहिला एवढे तरी विचारावे.

१७ मार्चच्या त्या दुपारी एवढे झाले असते तर दंगल टळलीच असती, असा दावा कोणी करणार नाही. पण महालच्या गल्लीतील माणसाला दार उघडण्याआधी थांबून विचार करायला काही क्षण मिळाले असते. तेवढे क्षण मिळवून देणे हे बातमीचे काम आहे, आणि त्यासाठी ती खरीही हवी आणि मोकळीही हवी.