मुद्दा सोडून माणसावर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वक्तृत्वसभेंत, वसतिगृहांतील मुलांस रविवारीं शहरांत एकटें जाऊं द्यावें कीं नाहीं, असा वाद निघाला. अर्धा तास तो बरा चालला. मग एका विद्यार्थ्यानें प्रतिपक्षास विचारलें, "तूं स्वतः गणितांत नापास, तूं आम्हांस काय शिकवणार?" सभा हंसली, टाळ्या पडल्या, आणि मूळ विषय बुडाला तो बुडालाच. त्या टाळ्यांत आमचेहि हात होते, हें कबूल केलें पाहिजे.

असें कां होतें? आमच्या मतें रागापेक्षां आळस हें याचें मोठें कारण होय. मुद्याचें उत्तर देण्यास मुद्दा आधीं समजून घ्यावा लागतो. माणसाचें वैगुण्य मात्र डोळ्यांपुढें आयतें असतें. शिवाय भोंवतीं चार माणसें ऐकत असलीं म्हणजे आपलें मत खोटें ठरणें आणि आपण लहान ठरणें हीं एकच वाटूं लागतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत सत्यशोधनार्थ चालतो तो वाद व केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, असा भेद केला आहे. पहिल्याचा दुसरा केव्हां झाला, हें बोलणाराच्या ध्यानींहि येत नाहीं. साक्षीदारानें लांच घेतली असेल तर त्याच्या वर्तनाची चौकशी रास्तच. पण गणिताच्या गुणांचा रविवारशीं काय संबंध? घरोघरीं "तूं कालचा पोर, तुला काय कळतें?" असें म्हणणाऱ्या वडील मंडळींनींहि याचा विचार करावा.

थोरांच्या काळींहि हें घडलें. गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र होते, ते जिवलग मित्र म्हणून. पुढें सामाजिक सुधारणेवरून दोघांचें बिनसलें; आगरकरांनीं 'केसरी' सोडून १८८८ मध्यें 'सुधारक' पत्र काढलें. पुण्यांतील सनातन्यांनीं तर आगरकर जिवंत असतांच त्यांची प्रेतयात्रा काढली. बालविवाह व विधवांचें केशवपन यांविषयीं त्यांनीं जें विचारलें होतें, त्याचें उत्तर त्या तिरडींत नव्हतें. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, आगरकर खरोखरीच वारले; 'केसरीं'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनींच.

आमचा रविवारचा प्रश्न अद्याप तसाच आहे. ज्याला आम्ही हंसलों तो मुलगा पुनः सभेंत बोलावयास उठला नाहीं. आणि तो त्या दिवशीं काय सांगत होता, हें आम्हांपैकीं कोणासच आतां आठवत नाहीं.