काट्यावर बाळ, पिंजऱ्यात आई

मूल जन्माला आले की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : बाळाची वाढ आणि आईची परीक्षा. "मान धरली का?" "पालथं पडतं का?" "अजून दात नाहीत?" "अमकीचं तर दहाव्या महिन्यातच चाललं!" विचारणारे घर, शेजार, पाहुणे असे सारे, उत्तर द्यायचे मात्र एकटीने. बाळ गुटगुटीत असले तर ते घराण्याचे हाड. वजन कमी भरले तर आईचे दूध पातळ. हा हिशेब आपल्यापैकी बहुतेकींच्या ओळखीचा आहे.

आपले बाळ इतरांसारखे वाढते आहे ना, ही काळजी प्रत्येक आईबापाला वाटते आणि ती वाटायलाच हवी. प्रश्न असा आहे, की ती बोलून दाखवल्यावर पुढे काय होते?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांतून काम करताना मला या काळजीला दोनच उत्तरे मिळताना दिसतात. पहिले : "तुले काय समजते व? तुया नवराबी दोन वर्साचा होऊनच चालला." म्हणजे काळजीच खोटी. दुसरे : "तू काही धड खाल्लंच नाही, मंग लेकराचं असंच होईन." म्हणजे काळजी खरी, पण गुन्हेगार आई. दोन्ही उत्तरांत बाळाकडे कोणी नीट पाहिलेलेच नसते.

पाहायचे कसे, हे आज ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीचे नवे मानदंड जाहीर केले. त्यामागचा अभ्यास १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत झाला. आईचे दूध, पोटभर अन्न आणि आरोग्यसेवा मिळणाऱ्या घरांतील मुले त्यासाठी निवडली होती. आपल्या देशातील मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थित घरांची होती. निष्कर्ष असा निघाला, की परिस्थिती बरी मिळाली तर या साऱ्या देशांतील लहान मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते. ही गोष्ट आपल्या कामात फार मोलाची आहे. गावातील बाळे खुरटत असतील तर आईच्या दुधाला दोष देण्याआधी तिच्या ताटात काय पडते, दिवस भरत आले असताना ती किती वाकून निंदण करत होती, पाणी कुठून आणत होती, हे विचारायला हवे.

याच अभ्यासात मुले कधी बसतात, उभी राहतात, चालतात याचीही पाच देशांत नोंद झाली. आधाराशिवाय बसणे हे साधारण पावणेचार ते सव्वानऊ महिन्यांच्या दरम्यान, तर आधाराशिवाय चालणे हे साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान आढळले. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालले आणि दुसरे सतराव्या, तरी दोन्ही ठीक असू शकतात. शंभरातली चार मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही पुढे चालली. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे असते. हे एवढे जरी घरोघर पोचले, तरी कितीतरी बायकांची रात्रीची झोप परत येईल.

पण "होईल हळूहळू" म्हणून सगळेच सोडून द्यायचे असाही याचा अर्थ नाही. चार महिने उलटले तरी मान न धरणे, दहावा महिना लागला तरी न बसणे, दीड वर्ष झाले तरी न चालणे, आवाजाकडे वळून न पाहणे, अंग फार ताठ किंवा फार सैल असणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी होणे, यांतले काहीही दिसले तर थांबू नये, तपासणी करावी. बहुतेक वेळा हे सर्वांत आधी आईच्याच ध्यानात येते, कारण बाळाला न्हाऊ घालणारी, पाजणारी, कडेवर वागवणारी तीच असते. म्हणून आईची शंका ही तक्रार समजू नये, ती पहिली नोंद समजावी.

इथे मुलगा-मुलगी हा भेदही पाहा. वजन-उंचीचे तक्ते दोघांचे वेगळे आहेत, पण बसण्या-चालण्यासाठी वेगळ्या तक्त्याची गरज अभ्यासकांना वाटली नाही. घरात मात्र तो केव्हाच तयार असतो. मुलगा उशिरा चालला तर जीपगाडी करून शहरातला डॉक्टर गाठला जातो. मुलगी उशिरा चालली तर "चालंल कधीतरी, तिले कुठं पळायचं हाय?" असे म्हणून विषय संपतो. उपचाराचे दिवस असे निघून जातात.

बाजारही या काळजीवर जगतो. चालायला शिकवणारा म्हणून प्लास्टिकचा वॉकर विकला जातो. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट बाळ घरंगळून पडण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना पांगुळगाडा निदान बाळाला स्वतःच्या पायांवर उभे करतो. डब्यातील दुधाच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९२च्या कायद्याने मनाई आहे, पण "दूध पुरत नाही" हे आईच्या मनात भरवणारे घरातच असतात. सुदृढ बालक स्पर्धांनीही हेच केले. एका बाळाला बक्षीस, बाकीच्या आयांना शरम!

सरकारी तरतुदी कागदावर कमी नाहीत. राज्याने २००५ साली सुरू केलेल्या माता-बाल आरोग्य व पोषण मिशनला नाव आहे राजमाता जिजाऊंचे, म्हणजे आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीचे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब तपासायचा आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्राची तरतूद आहे. २०१८च्या कार्यक्रमानुसार बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईने घरी यायचे आहे. पण संग्रामपूर तालुक्यातल्या मजूर बाईला बाळ घेऊन राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, आणि नवऱ्याची व सासूची परवानगी लागते ती वेगळीच. एकदा येऊन भागत नाही, व्यायामोपचाराला पुन्हापुन्हा यावे लागते. मग ती दुसऱ्या खेपेला आली नाही, की तिच्या नावावर "पालकांचा निष्काळजीपणा" असा शेरा पडतो.

शिवाय वजनाची नोंद आता सेविकेच्या मोबाइलमध्ये जाते. ती दिल्लीपर्यंत पोचते, पण काट्यासमोर उभ्या असलेल्या आईला कळत नाही. दोष सेविकेचा नाही. तीही मानधनावर राबणारी बाईच आहे आणि आकडे घसरले की वरून बोलणी तिलाच बसतात. खालपासून वरपर्यंत जबाबदारी बायकांची आणि अधिकार दुसऱ्यांचा, हीच या व्यवस्थेची रीत आहे.

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी धरून ठेवाव्यात. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातात असावे आणि त्यावरची रेषा तिला वाचून दाखवावी. एका महिन्याचा ठिपका महत्त्वाचा नसतो, रेषा वर जाते, आडवी होते की खाली येते, हे महत्त्वाचे. वजनाच्या दिवशी बापानेही अंगणवाडीत यावे. मूल त्याचेही आहे. गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा "कोणाला लेकराबद्दल शंका आहे?" असे उघड विचारावे आणि जिला आहे तिच्याबरोबर एकीने दवाखान्यात जावे. तपासणीला जाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी मिळावी, उपचाराची सोय तालुक्याला व्हावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यावी.

आणि तपासणीत व्यंग खरेच निघाले तर? मग ते मूल तसेच आपले आहे. २०१६च्या कायद्याने त्याला शाळेचा, उपचाराचा, मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. त्या दिवशी आईला नवस, उपास आणि टोमणे यांच्या हवाली करायचे, की तिच्या शेजारी बसून दाखल्याचा अर्ज भरायचा, हे आपल्याला आपल्या गटात आधीच ठरवून ठेवता येईल.