नाभिकाचा धीर व आपली घाई

केस कापून घेणें ही गोष्ट बहुतेकांस इतकी क्षुल्लक वाटते कीं, तिजविषयीं लेख लिहावा याचेंच कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरांत स्वमग्न मूल आहे, तेथील आईबापांस हा दिवस मोठ्या काळजीचा असतो. विजेच्या यंत्राची घरघर, मानेवर फिरणारें थंड पातें, पाण्याचा फवारा, गळ्याभोंवतीं बांधलेलें फडकें व सदऱ्यांत शिरून टोंचणारे केस, हें सर्व आपण सहज सोसतों; अशा कित्येक मुलांस मात्र तें खरोखर असह्य होतें. डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतही मोठ्या आवाजाची धास्ती व नित्यक्रम बदलल्यास होणारी घालमेल यांचा उल्लेख आहे. तेव्हां अशा मुलाच्या रडण्यास हट्ट म्हणणें, किंवा चौघांनीं हातपाय धरून काम उरकणें, हा अन्याय होय. एकदां बसलेली भीति पुढील खेपेस दुणावते.

वेल्समधील ब्रिटन फेरी या गांवच्या एका नाभिकाची हकीकत २०१५ सालीं पुष्कळ देशांत वाचली गेली. तीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा कांहीं केल्या केसांस हात लावूं देईना. अनेक प्रयत्न फसल्यावर नाभिक स्वतः त्याच्याशेजारीं जमिनीवर आडवा झाला, आणि मुलगा जेथें होता तेथेंच त्यानें त्याचे केस कापले.

असें काम आपल्या गांवींही होऊं शकतें. रविवारची गर्दी टाळून निवांत वेळ ठरवावी. पहिल्या दिवशीं मुलानें नुसतें खुर्चीवर बसून परत जावें. दुसऱ्या दिवशीं कातर हातांत घेऊन पाहावी. यंत्र नको असेल तर कातर चालवावी, फडकें नको असेल तर तें काढावें, व मुलानें हात वर करतांच थांबावें. अर्धे केस आज व अर्धे उद्यां कापल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, नाभिकाचें पोट दिवसभरांत किती गिऱ्हाइकें होतात यावर चालतें. एका मुलास तासभर दिला तर बाकीचीं निघून जातील. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच या धीरास आम्ही दानधर्म न समजतां कसब समजतों, व त्याचा योग्य मोबदला, जेथें पालकांस झेपेल तेथें, आनंदानें द्यावा असें म्हणतों.

परंतु उरलेला भार बाकावर वाट पाहणाऱ्यांचा आहे. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ यानें स्वमग्नतेस २१ प्रकारच्या दिव्यांगतांत स्थान दिलें आहे. तथापि शेजाऱ्यानें घड्याळाकडे पाहून चुटपुट करूं नये, असें कोणताही कायदा सांगूं शकत नाहीं. त्या नजरांनींच पुष्कळ माता अर्ध्यावर उठून जातात. विद्यार्थ्यांनो, असा प्रसंग आल्यास टक लावून पाहूं नका, हंसूं नका. आणि जमल्यास आपला नंबर त्या मुलास द्या. तुमचीं दहा मिनिटें जातील, पण त्या मुलाचे केस निर्भयपणें कापले जातील.