डबा, लेन्स आणि लग्नाची घाई

मैत्रिणींनो, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या डोंबिवलीत फडके रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. साड्या, ब्लाऊजची शिलाई, पार्लरवालीच्या तारखा... यंदा माझ्या भाचीचंच लग्न आहे. परवा ती कल्याणहून आली आणि पर्समधून दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक होता वजन कमी करण्याच्या गोळ्यांचा डबा, दुसरी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सची छोटीशी डबी. गोळ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेल्या, लेन्स स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलेल्या. डॉक्टर कुठेच नाही!

"मावशी, महिन्याभरात आठ किलो जातात म्हणे. आणि फोटोत चष्मा नको, असं त्यांच्या घरून सांगितलंय."

तिला रागावणार होते, पण गप्प बसले. कारण धाकट्याच्या जन्मानंतर मीही कुणाच्या तरी सांगण्यावरून असलीच एक पावडर घेतली होती. छातीत धडधडायचं, रात्र रात्र झोप नाही. शेवटी घाबरून डबा कचऱ्यात टाकला, आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. हे 'न सांगणं'च आपल्याला महागात पडतं, नाही का?

भाचीला मी ठाण्याची गोष्ट सांगितली. २०१९ साली ठाण्यात व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण मुलीने चरबी जाळणारी गोळी घेतली. थोड्याच वेळात तिची तब्येत बिघडली. इस्पितळात नेलं, पण ती वाचली नाही. गोळीत डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन होतं. ते मुळात रंग आणि स्फोटकं बनवायच्या कामाचं. शरीर अन्नातून जी ताकद तयार करतं, ती हे रसायन नुसत्या उष्णतेत उधळून टाकतं. वजन उतरतं हे खरं, पण अंग आतून तापत जातं आणि त्यावर उतारा असं औषधच नाही.

आणि हे आजचं नाही बरं का! १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत हेच रसायन 'बारीक होण्याचं औषध' म्हणून हजारो लोकांनी घेतलं. काही जण दगावले. कितीतरी तरुण बायकांच्या डोळ्यांत ऐन विशी-तिशीत मोतीबिंदू आले. शेवटी १९३८ मध्ये ते माणसाने घेण्यास अत्यंत धोकादायक ठरवलं गेलं. ऐंशी वर्षांनंतर तीच गोळी ठाण्यातल्या एका मुलीपर्यंत पोचली, हे वाचून माझ्या तर अंगावर काटा आला.

"अगं मावशी, पण हे हर्बल आहे!" भाची म्हणाली. हर्बल म्हणजे निर्धोक, हे आपलं लाडकं समीकरण. सिबुट्रामिन नावाच्या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं, २०११ मध्ये भारतातही बंदी आली. तरी 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते चोरून मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय. आपल्या कोकमाच्या जातकुळीतलं गार्सिनिया घ्या. आमटीतली दोन आमसुलं वेगळी आणि त्या फळाच्या अर्काच्या रोजच्या गोळ्या वेगळ्या. अशा गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या कडक अर्काचंही तेच.

मग डबा हातात आला की काय बघायचं? एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, आत काय किती आहे ते लिहिलंय का, ते बघा. पण क्रमांक आहे म्हणजे वजन उतरेल याची हमी नव्हे. अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. ती बारीक अक्षरं वाचा. लठ्ठपणा हमखास घालवतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवा. २०२५ पासून इंजेक्शनंही अधिकृतपणे मिळू लागलीत, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची. आणि वजन अचानक वाढलं असेल तर आधी थायरॉइड, साखर तपासा. मूल अंगावर पीत असेल, दिवस गेले असतील, तर असल्या डब्याला हातच लावायचा नाही.

आता लेन्स. चष्म्याचा नंबर माहीत आहे म्हणून लेन्स आणता येत नाही. बुबुळाचा गोलावा आणि डोळ्यातला ओलावा नेत्रतज्ज्ञाला बघावा लागतो. बिननंबरी, नुसत्या रंगीत लेन्सलाही हे लागू आहे. लग्नासारख्या चार दिवसांच्या हौसेसाठी रोज घालून रोज टाकायच्या लेन्स सगळ्यात सोयीच्या. महिनाभर वापरायच्या असतील तर सोल्युशन रोज नवं, कालच्यात भर घालायची नाही, आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा जीव असू शकतो, तो बुबुळ पोखरतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच लेन्स घाला. आधी लेन्स, मग काजळ. उतरवताना आधी लेन्स, मग मेकअप. लेन्स घालून झोपायचं नाही, मैत्रिणीची लेन्स 'घालून बघायची' नाही. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. 'हळदीनंतर बघू' म्हणू नका.

भाचीने डबा माझ्याकडेच ठेवला. डोळे तपासायची वेळ घेतली. फोटोपुरत्या लेन्स, बाकी चष्मा, असं तिनेच ठरवलं आणि नवऱ्या मुलाला फोन करून सांगूनही टाकलं. तो म्हणे हसला, "मी तर तुला चष्म्यातच पसंत केलं होतं!"

पण मैत्रिणींनो, मला खरी टोचणी वेगळीच लागलीय. त्या डब्यापर्यंत पोरीला नेलं कुणी? "जरा बारीक झालीस ना, की किती छान दिसशील" हे तिला दहावीपासून कोण म्हणतंय? तिची आई, आत्या... आणि मीसुद्धा! बाजार नंतर येतो, आधी आपली जीभ येते. या लग्नसराईत तेवढं एक वाक्य आपण गिळून टाकू या का?