संकटातून सोडविल्याचे मोल

रानावनात अथवा पुरात सापडलेल्या मनुष्यास सोडविण्यास जो खर्च येतो, तो त्याच्याकडूनच वसूल करावा काय, हा प्रश्न पावसाळा आला की आमच्या वऱ्हाडातही निघतो. चिखलदऱ्यास कठड्यापलीकडे उतरून फोटो काढणारे तरुण पाहिले म्हणजे पुष्कळ पालक म्हणतात, “यांस एकदा बिल पाठवा, म्हणजे डोळे उघडतील.” हा संताप आम्हांस समजतो, त्यावरचा हा उपाय मात्र आम्हांस मान्य नाही.

प्रथम हे काम कोण करितात ते पाहू. अकोला जिल्ह्यात पिंजर येथे संत गाडगेबाबांच्या नावाने एक आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. पुरात, धरणात वा विहिरीत कोणी बुडाल्याची बातमी आली की त्यातील स्वयंसेवक निघतात. मनुष्य जिवंत सापडला तर उत्तमच. परंतु पुष्कळदा हाती लागतो तो केवळ देह. तेथे बिल कोणाच्या हाती द्यावयाचे? १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी एकत्र जमलेली ती नातलग मंडळी होती. देहांचा शोध दुसऱ्या दिवशीही चालू होता. त्या घराच्या उंबरठ्यावर खर्चाचा कागद घेऊन उभा राहिलेला कारकून आम्हांस तरी कल्पिता येत नाही.

“ते बिचारे अभागी, आम्ही उद्दामांविषयी बोलतो,” असे कोणी म्हणेल. पण काळोखात दरीतून हाक आली असता हाक मारणारा अभागी की उद्दाम, हे कोणी व कसे ठरवावे? शिवाय मेळघाटात केवळ हौशी प्रवासीच अडकतात असे नाही. गुरांमागे गेलेला कोरकू गुराखी नाल्यास अकस्मात पूर आल्याने पलीकडे अडकतो, त्यास पाच हजार रुपये म्हणजे घरातील बैल होय. मोटारीतून आलेल्या गृहस्थास ती एका मुक्कामाची रक्कम. बिलाचा धाक पडेल तो पहिल्यासच. तो हाक मारण्यास विलंब लावील, तोवर रात्र होईल, पाणी चढेल, आणि सोडविणाऱ्यांच्याही जिवावर बेतेल.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात निष्काळजीपणाने डोंगरात अडकलेल्याकडून खर्च घेण्याचा कायदा आहे. २०१५ पासून तेथे २५ डॉलरांचे वार्षिक कार्ड घेणाऱ्यास त्यातून सूट मिळते. म्हणजे खर्च अगोदरच थोडाथोडा सर्वांनी वाटून घ्यावा, येथवर तेही आले! ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नौकांची संस्था १८२४ पासून आहे. तिचा खर्च मुख्यत्वे देणग्यांवर चालतो, आणि बुडणाऱ्याकडे ती दाम मागत नाही.

मग उद्दामास मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. दंड निराळा आणि किंमत निराळी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने धोक्याच्या जागी जाण्यास बंदी करण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणास दिला असून, आदेश मोडणाऱ्यास शिक्षाही सांगितली आहे. कठडा ओलांडणाऱ्यास तो सुखरूप उभा असतानाच अडवावा आणि दंड करावा. पाय घसरल्यावर भाव करू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. दोर, नाव, दिवे, पाण्यात घालावयाची जाकिटे ही फुकट येत नाहीत, आणि स्वयंसेवकांनी ती आपल्या खिशातून घ्यावीत ही अपेक्षा आम्हांस लाजिरवाणी वाटते. चिखलदऱ्यास वा नरनाळ्यास जाणाऱ्या प्रत्येक मोटारीमागे दहा रुपये या कामासाठी वेगळे काढले, तर कोणासही जड जाणार नाही. आमच्या विद्यालयातून पावसाळ्यात सहली निघतात. सहलीच्या वर्गणीत प्रत्येक मुलामागे दोन रुपये या पथकांसाठी धरावेत, अशी आमची पालकांस सूचना आहे. आणि सहल कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे लिहून एक कागद शाळेत ठेवावा. त्यास तर पैसाही लागत नाही.